बोलता येते तोवर विचारावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिन म्हणजे आनंदाचा दिवस. सकाळी रांगोळीची स्पर्धा झाली, आत्ताच मुलींनी गोड गाणी म्हटली, आणि आता मी मरणाविषयी बोलायला उभी राहिले आहे. विषय कळवला तेव्हा चिटणीसबाईंनी दोनदा विचारले, "दुसरा एखादा विषय नाही का हो?" मी म्हटले, दुसरे विषय पुष्कळ आहेत, पण हा विषय प्रत्येकीच्या घरात आहे आणि कोणाच्याच तोंडात नाही. तरीही कार्यकारिणीने मला परवानगी दिली, याबद्दल मी तिची आभारी आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी अलीकडेच दुःख झाले असेल तर त्या भगिनीने मध्येच उठून खुशाल बाहेर जावे. मला त्याचे वाईट वाटणार नाही.

माझी नोकरी परिचारिकेची. जिल्ह्यातल्या निरनिराळ्या सरकारी दवाखान्यांत तीस वर्षे काढली. बाळंतपणे किती केली याचा मी हिशेब ठेवला नाही, आणि शेवटच्या घटकेला किती माणसांच्या उशाशी उभी राहिले याचाही नाही. एवढ्या वर्षांत जे शिकले ते एका वाक्यात सांगता येईल. शेवटच्या आजारात आपल्या माणसाला काय हवे आणि काय नको, हे त्याला बोलता येते आहे तोवर त्याच्याच तोंडून विचारून घ्यावे. पुढे जे काही सांगणार आहे, ते एवढ्यासाठीच.

मरणाची भाषा आपल्याला अपरिचित आहे असे मुळीच नाही. आपल्या घरात हरिपाठ होतो. तेरला गोरोबाकाकांच्या समाधीला आपण जातो. देह नाशवंत आहे हे कीर्तनात ऐकून माना डोलावतो. आपल्याच जिल्ह्यातल्या कुंथलगिरीला १९५५ साली जैन मुनी आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली. वय त्र्याऐंशी. दृष्टी मंदावली, चालताना पायाखालचा जीव दिसेना, तेव्हा त्यांनी हा निर्णय घेतला. ऑगस्टमध्ये व्रत सुरू झाले आणि १८ सप्टेंबरला देह ठेवला. व्रत चालू असताना त्यांनी मराठीतून केलेल्या शेवटच्या उपदेशाचे ध्वनिमुद्रणही झाले. या व्रताविषयी पुढे कोर्टात वाद झाला. २०१५ साली राजस्थान उच्च न्यायालयाने ते आत्महत्येसारखे ठरवले आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. त्या व्रताची शिफारस करायला मी आलेली नाही. संसारी माणसाची गोष्ट वेगळी. मला त्यातली एकच गोष्ट घ्यायची आहे. जाणारा काय म्हणतो ते भोवतालच्या सर्वांना ठाऊक होते, आणि तो म्हणत होता ते लोक ऐकत होते.

आपल्या घरात नेमके तेवढेच होत नाही. मरण सर्वांना आहे हे आपण म्हणतो, पण आपल्या सासूबाईंना, आपल्या वडिलांना, आपल्याला स्वतःला आहे असे म्हणायची वेळ आली की, "असे अभद्र बोलू नये" म्हणून विषय बदलतो.

अवघड विषयावर आपल्या बायकांना बोलताच येत नाही, असे कोणी म्हणेल तर ते मी मान्य करणार नाही. त्याला आपल्याच भागाचा पुरावा आहे. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाने १९८७ साली बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांत कर्करोगाची नोंदवही सुरू केली. ग्रामीण भागातली अशी ती देशातली पहिली. मोठ्या शहरात रुग्णालयाच्या कागदांवरून नोंद होते. आपल्याकडे माणूस रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हता. म्हणून ही कार्यकर्ती मंडळी गावोगाव गेली, सभा घेतल्या, घरोघर बसून विचारपूस केली. ज्या रोगाचे नाव घ्यायलाही लोक कचरत होते, त्याच्याविषयी ओसरीवर बोलणे सुरू झाले.

पुढे १९९९ मध्ये, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यात, गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास सुरू झाला. तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. आपल्याकडे ज्याला बायका दबक्या आवाजात 'पिशवीचा रोग' म्हणतात, त्याच्यासाठी हजारो बायका तपासणीला आल्या. नवऱ्याला काय सांगायचे, सासूला काय सांगायचे, हे प्रश्न सोडवून आल्या. त्याचा निष्कर्ष २००९ साली जगापुढे आला. ज्या गटाची एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी झाली, त्या गटात आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या गटात ६४. एका गटाला तपासणीविना का ठेवले, यावर पुढे टीकाही झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण या अभ्यासाचा उपयोग नंतर जगभरच्या बायकांना झाला, आणि तो आपल्या बायकांच्या धीरामुळे झाला.

भगिनींनो, त्यातल्या ज्या तेव्हा तिशीच्या होत्या, त्यांनी पन्नाशी कधीच ओलांडली. ज्या पंचावन्नच्या होत्या, त्या आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्यापैकी काही जणी या सभेतही बसलेल्या असतील. तेव्हा ज्यांनी एक बंद दार उघडले, त्यांच्याच घरात आज हे दुसरे दार उघडायची वेळ आली आहे.

न बोलण्याची किंमत काय पडते, हे मी पाहिलेले आहे. एका वस्तीवरची बाई पोटाच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळली होती. मुलगे मला दाराबाहेर गाठून म्हणायचे, "सिस्टर, आईला काही सांगू नका, ती खचेल." आत गेले की आई माझा हात धरायची आणि म्हणायची, "पोरांना सांगू नका, सिस्टर. मला सगळं कळलंय. त्यांना सोसायचं नाही." दोघेही एकमेकांना जपत होते आणि दोघेही एकटे रडत होते. त्या बाईच्या दोनच इच्छा होत्या. भिशीतले आठशे रुपये शेजारणीचे देणे होते, ते फिटावे. आणि बाज ओसरीवर टाकावी, म्हणजे दारचा लिंब दिसेल. मला सांगितल्या, पण मुलांपाशी बोलायची तिने मला शपथ घातली होती. शेवटच्या दिवशी मुलांनी तिला जीपमध्ये घालून सोलापूरची वाट धरली. ती वाटेतच गेली. मुलांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. त्यांनी माया म्हणूनच केले. पण त्या मायेला आईच्या मनाची वाट ठाऊक नव्हती.

आता दुसरे घर सांगते. सासरे माळकरी, पंचाहत्तरीचे, फुप्फुसाचा जुना आजार. थोरली सून फारशी शिकलेली नाही, पण मोठ्या धीराची. एका संध्याकाळी काकडआरतीच्या गोष्टी निघाल्या असताना तिने सरळ विचारले, "मामंजी, पुढंमागं तुमचं दुखणं वाढलं, तर तुम्हांला कुठं राहावंसं वाटंल? आम्ही काय करावं नि काय करू नये?" म्हातारा रागावला नाही. म्हणाला, "बरं झालं विचारलंस. मी कुणाला सांगावं हेच मला कळत नव्हतं." मग त्यांनी सांगितले, की दवाखान्यात एकदा न्या, बरे होण्यासारखे असेल तर जरूर करा, पण नळ्या घालून नुसते ठेवू नका. शेत गहाण टाकू नका. तुळशीची माळ काढू नका. आणि धाकट्याला वेळेवर बोलवा. सुनेने ते किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले आणि खाली त्यांची सही घेतली.

दोन वर्षांनी वेळ आली. डॉक्टरांनी आशा नसल्याचे सांगितले. धाकटा मुलगा पुण्याहून धावत आला, आणि थोरल्यावर संतापला, "तुम्ही बाबांना घरी मरायला आणलंत!" घरोघर हा प्रसंग होतो. लांब राहणाऱ्याच्या मनात अपराधाची टोचणी असते आणि ती जवळ राहणाऱ्यावर निघते. सुनेने काहीही न बोलता वही पुढे केली. धाकट्याने वडिलांचे शब्द वाचले, सही पाहिली, आणि तो वडिलांच्या उशाशी जाऊन बसला. पाच दिवस तो तिथून हलला नाही. त्या एका पानाने दोन भावांचे घर राखले.

एरवी असे पान नसले म्हणजे काय होते, याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण मुंबईचे आहे. अरुणा शानबाग केईएम रुग्णालयात परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथेच तिच्यावर अत्याचार झाला, मेंदूला इजा झाली, आणि त्यानंतर ती जवळजवळ ४२ वर्षे अंथरुणावर होती. तिच्या सहकारी परिचारिकांनी, आणि त्या निवृत्त झाल्यावर नव्या आलेल्यांनी, तिला पोटच्या पोरीसारखे सांभाळले. आमच्या पेशातल्या प्रत्येकीला त्याचा अभिमान आहे. तिला या यातनेतून मोकळे करावे म्हणून लेखिका पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या; परिचारिकांनी त्याला विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने ती मागणी नाकारली, पण बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णाला कृत्रिम आधारावर किती ठेवावे याचा मार्ग प्रथमच घालून दिला. अरुणा १८ मे २०१५ रोजी गेली. दोन्ही बाजूंना तिच्याविषयी कळकळ होती. परंतु खुद्द अरुणाला काय हवे होते, हे कोणालाच सांगता येत नव्हते. पंचविशीतल्या मुलीला असे कोण विचारणार? म्हणून मी म्हणते, हे बोलणे केवळ म्हाताऱ्यांचे नाही.

आता कायद्याची बाजू थोडक्यात. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सन्मानाने मरण येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि सज्ञान माणसाला आपल्या उपचारांविषयीचे इच्छापत्र आधी करून ठेवता येईल. हे घरादाराचे मृत्युपत्र नव्हे. याला लोक 'लिव्हिंग विल' म्हणतात. सुरुवातीची पद्धत फार किचकट होती. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ती सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे ती साक्षांकित करायची. आपल्या वतीने कोणी बोलावे त्यांची नावे त्यात घालायची. एक प्रत घरच्यांकडे, एक नेहमीच्या डॉक्टरांकडे आणि एक नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे देण्याची सोय आहे. मन बदलले तर ते केव्हाही बदलता येते. वेळ आल्यावरही एकटा डॉक्टर किंवा एकटा मुलगा काही ठरवत नाही. डॉक्टरांची दोन मंडळे तपासून मत देतात. आणि इंजेक्शन देऊन मरण आणणे हा आपल्याकडे गुन्हाच आहे. त्याविषयी मनात गोंधळ नसावा.

पण कागद हा शेवटचा भाग. आधी बोलणे हवे. कसे विचारावे, असे मला पुष्कळजणी विचारतात. आजारी माणसाला घेरून बसू नये. एकीनेच, जिच्याशी त्याचे जमते तिने, काम करता करता विचारावे; पाय चेपताना, शेंगा फोडताना. "आत्याबाई, शेजारच्या काकूंचं असं झालं, तुम्हांला काय वाटतं?" अशी सुरुवात दुसऱ्याच्या गोष्टीने केली की बोलणे सोपे जाते. मग चार गोष्टी विचाराव्या. शेवटी कुठे राहावेसे वाटते, घरी की दवाखान्यात? आजाराविषयी खरे सांगितलेले आवडेल, की नको? कशाची भीती वाटते? आणि काही राहिले आहे का. कोणाला भेटायचे, कोणाचे देणे, कोणाला क्षमा करायची? नेत्रदानाचे मनात असेल तर तेही आताच विचारून ठेवावे, कारण मृत्यूनंतर सहा तासांच्या आत ते व्हावे लागते. आणि माणूस "मला नाही बोलायचं" म्हणाला, तर तिथेच थांबावे. न बोलण्याचाही त्याला हक्क आहे.

घरी ठेवायचे म्हणजे टाकून द्यायचे, असा मोठा गैरसमज आहे. उपचार थांबले तरी सेवा थांबत नाही. लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली अशा रुग्णांसाठी सेंट ख्रिस्तोफर्स हे सेवागृह काढले. मुंबईत १९८६ साली वांद्र्याला शांती आवेदना सदन निघाले. पुण्यात वारज्याला १९९७ पासून असे केंद्र आहे. याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. आपण साध्या भाषेत दुःखनिवारणाची सेवा म्हणू. केरळात तर १९९३ साली कोझिकोडला हे काम सुरू झाले आणि पुढे शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच ते उचलले. रिक्षावाले, शिक्षक, गृहिणी शिकून तयार झाल्या आणि आठवड्यातून ठरावीक तास आजाऱ्याच्या घरी जाऊ लागल्या. जे त्यांना जमले ते आपल्याला का जमू नये?

घरात काय करायचे, ते परिचारिका म्हणून सांगते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी, चादरीला सुरकुती राहू देऊ नये, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. पाठीवर कुठे लाली दिसली तर तिथे चोळू नये, त्या बाजूचा भार काढावा. शेवटच्या दिवसांत भूक आपोआप जाते. तो उपाशी मरतो आहे असे समजून तोंडात पेज कोंबू नये. ती श्वासाच्या नळीत जाते आणि ठसका लागून जीव घाबरा होतो. ओल्या कापसाने ओठ आणि तोंड वरचेवर ओले करावे. ओठांना थोडे तूप लावावे. शेवटी घशात घरघर लागते, ती ऐकून आपण घाबरतो. त्या वेळी माणूस बहुधा बेशुद्ध असतो, त्याला एका कुशीवर वळवून ठेवले की पुष्कळ फरक पडतो. तो ऐकतो आहे असे धरूनच बोलावे. उशाशी बसून जमिनीच्या वाटण्या काढू नयेत.

आणि वेदना. कर्करोगाची वेदना सोसलीच पाहिजे असे नाही. तिच्यावर मॉर्फीनच्या गोळ्या आहेत. पूर्वी कायद्याच्या जाचामुळे त्या मिळणे फार कठीण होते; २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि वाट थोडी मोकळी झाली. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत घेतल्या तर त्या माणसाला मारत नाहीत आणि व्यसनही लावत नाहीत. पोट मात्र साफ होत नाही, त्याचे औषध सोबत मागून घ्यावे. सरकारी यंत्रणेतही ही सेवा द्यायचे धोरण आहे. आपल्या आरोग्यकेंद्रात ती कुठे, कोणत्या दिवशी मिळते, हे विचारायला आपण गेलो नाही तर ती कागदावरच राहील.

आता जिच्यावर हे सर्व पडते, तिच्याविषयी दोन शब्द. आजारी पडते कोणीही, पण उशाशी बसते ती सून, लेक किंवा बायको. रात्रीची झोप नाही, दिवसा शेत आणि चूल आहेच. आलेले पाहुणे आजाऱ्याची चौकशी करतात, चहा घेतात आणि जातात, तिला "तू जेवलीस का?" म्हणून कोणी विचारत नाही. आणि आजारी नवरा असेल, तर त्याच्या मागे तिच्या वाट्याला काय येते, हे आपल्याला माहीत आहे. ज्या हातांनी तिने त्याची सेवा केली, त्याच हातांच्या बांगड्या आपण बायकाच पुढे होऊन फोडतो. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव करून ही प्रथा बंद केली आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. एवढे मोठे काम एका गावाच्या सभेत बोलण्यानेच सुरू झाले, हे लक्षात ठेवावे.

तेव्हा मंडळापुढे माझ्या चार सूचना आहेत. एक, आपल्या गल्लीत ज्या घरी असा आजारी असेल, तिथे दोन-दोन सभासदांनी आठवड्यातून दोन तास जाऊन बसावे, म्हणजे तिथल्या बाईला निवांत आंघोळ करता येईल आणि डोळा लावता येईल. दोन, हवेची गादी, चाकाची खुर्ची आणि कमोडची खुर्ची अशा वस्तू मंडळाने घ्याव्या आणि गरजेप्रमाणे फिरत्या ठेवाव्या. तीन, आरोग्यकेंद्रात जाऊन डॉक्टरांशी बोलण्यासाठी तीन जणींची समिती आजच नेमावी. चार, कोणा सभासदाच्या घरी नवरा गेला तर तिचे कुंकू, बांगड्या, जोडवी यांना आपल्यापैकी कोणीही हात लावणार नाही, आणि हळदीकुंकवाला तिला पहिले बोलावणे जाईल, असा ठराव करावा.

पाचवी गोष्ट मंडळाची नाही, ती ज्याची त्याने करायची. दुसऱ्याला विचारण्याआधी प्रत्येकीने आज घरी जाऊन एक पान आपले स्वतःचे लिहावे. मी माझे लिहिले आहे आणि मुलांना जेवताना वाचून दाखवले आहे. लेक थोडी रडली, मुलाने दोन शंका विचारल्या, मग आम्ही ताक वाढून घेतले आणि दुसऱ्या गोष्टी बोलू लागलो. अभद्र असे काही घडले नाही.

 चहा आणि तिळाचे लाडू तयार आहेत असे चिटणीसबाई खुणावत आहेत. सूचनांवर कोणाला काही म्हणायचे असेल तर त्यांनी चहाच्या वेळी जरूर म्हणावे. विरोधात असले तरी म्हणावे. बोलणे सुरू झाले म्हणजे माझे काम झाले.